भेदभावाची चौकशी करायची, तर नेमकं विचारायचं काय? लंडन, ऑस्ट्रेलिया आणि आमचा तालुका

वावरातला

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. आमच्याकडचे काही पोट्टे-पोट्ट्या, दोन वकील आणि एक निवृत्त मुख्याध्यापक मिळून दिवाळीनंतर आसपासच्या गावांत सत्यशोधन करायचं ठरवून राहिलो. जातीवरून, जमातीवरून माणसाला आज कसं वागवल्या जाते, एवढाच विषय. प्रश्नावलीचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मुख्याध्यापक सरांनी पहिला मसुदा केला. पहिलाच प्रश्न: 'आपल्या गावात भेदभाव होतो काय? होय / नाही.' याचं उत्तर मी घरी बसून लिहून देतो. 'नाही जी, आमच्याकडे सगळे मिळूनमिसळून राहतात.' आणि सरपंचाचा पोरगा बाजूला उभा असेल तोवर बौद्धपुऱ्यातूनही हेच उत्तर येईल.

परवा एका गावात हॉटेलात चहा घेतला. सगळ्यांना डिस्पोजल. मालक मोठ्या कौतुकाने म्हणे, 'पाहा सर, आपल्याकडे काहीच भेद नाही.' तेवढ्यात आतल्या बाकावर दोघं येऊन बसले, त्यांच्यासाठी कपबशी निघाली. मग मलाही विचारलं, 'सर, कप देऊ काय?' कोणाला कप विचारायचा आणि कोणाला नाही, हे त्या माणसाला तोंडपाठ आहे. त्याला विचारा, जात पाळतो काय. तो छातीवर हात ठेवून नाही म्हणेल, आणि त्याच्यापुरतं ते खरंच राहील.

म्हणून दुसऱ्या देशांनी असल्या चौकश्या कशा केल्या ते वाचून राहिलो. ऑस्ट्रेलियात १९८७ मध्ये एक रॉयल कमिशन बसलं. तिथले मूळचे आदिवासी पोलीस कोठडीत आणि तुरुंगात मरत होते. लोकांचा संशय सरळ होता, की आत मारतात. कमिशनने १९८० ते १९८९ या काळातले ९९ मृत्यू एकेक करून तपासले आणि १९९१ मध्ये ३३९ शिफारशींचा अहवाल दिला. निष्कर्ष वाचून मी चाट पडलो. एकदा आत गेल्यावर आदिवासी कैदी बाकीच्या कैद्यांपेक्षा जास्त प्रमाणात मरत होते असं काही निघालं नाही. पण आत जायचं त्यांचं प्रमाणच कैक पटीने जास्त होतं. रस्त्यावर पिऊन दिसला, घाला आत. दंड भरला नाही, घाला आत. कोठडीतल्या हलगर्जीपणावरही अहवालात भरपूर आहे. पण 'मारलं कोणी' इथून निघालेली चौकशी 'आत आणलं कायले' इथं जाऊन पोचली.

आता हे आमच्याकडच्या पारधी बेड्याला, म्हणजे पारध्यांच्या वस्तीला, लावून पाहा. इंग्रजांनी १८७१ मध्ये जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला. तरी तालुक्यात कुठंही घरफोडी झाली की पहिली गाडी बेड्यावर. तिथं जाऊन 'पोलीस तुम्हाला त्रास देतात काय' विचारण्यात काय हशील? किती जणांना नेलं, त्यातल्या किती जणांवर गुन्हा दाखल झाला, किती जण नुसते बसवून सोडले, मजुरीचे किती दिवस बुडाले, हे विचारलं तर काहीतरी हाती लागेल.

माझं म्हणणं एवढंच आहे की लोकांच्या मनात काय आहे हे खोदत बसलेली चौकशी फसते. कोणाच्या वाट्याला काय येते, ते पाहणारी टिकते. तुमचं मत सांगा. कोणी असं काम केलं असेल तर प्रश्न कसे काढले तेही लिहा.

गावचा_पाटील

सर, राग मानू नका, पण शांत गावात काड्या कायले करता? आमच्या गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालेलं आहे. चौदा एप्रिलला आम्ही मिरवणुकीत सरबत वाटतो. तुम्ही कागद घेऊन आले की उद्या लोक एकमेकांकडे वाकड्या नजरेनं पाहतील. आणि खोट्या ॲट्रॉसिटीचं काय? सुप्रीम कोर्टानेही २०१८ मध्ये म्हटलंच ना, की दुरुपयोग होते. शिवाय गोरे-काळे हा वंशाचा मामला, आपली जात ही वेगळी गोष्ट. भारत सरकारनेच डर्बनच्या वंशभेदविरोधी जागतिक परिषदेत हे सांगितलं होतं.

लंडनचा_वऱ्हाडी

मूळचा अकोटचा, गंज वर्षं झाली इकडे आहे. वावरातले सर, तुमच्या धाग्यात मॅकफर्सन अहवाल नाही म्हणून लिहितो.

२२ एप्रिल १९९३ च्या रात्री स्टीफन लॉरेन्स हा अठरा वर्षांचा काळा मुलगा आग्नेय लंडनमध्ये एल्टम भागात बसची वाट पाहत होता. गोऱ्या पोरांच्या टोळक्याने त्याला भोसकलं. सोबत त्याचा मित्र ड्वेन ब्रुक्स होता. पोलीस आले. जो पोरगा आत्ताच जिवावरच्या हल्ल्यातून वाचला होता आणि मित्राला मदत मागत होता, त्याच्याकडे त्यांनी साक्षीदार म्हणून नाही, तर भांडखोर म्हणून पाहिलं. पडलेल्या मुलावर नीट प्रथमोपचारही झाले नाहीत. संशयितांची नावं एक-दोन दिवसांतच लोकांनी कळवली होती, तरी अटक व्हायला दोन आठवडे गेले.

१९९७ मध्ये सरकारने निवृत्त न्यायाधीश सर विल्यम मॅकफर्सन यांना चौकशीला बसवलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये अहवाल आला, ७० शिफारशी. त्यात लंडनच्या पोलिसांना 'संस्थात्मक वंशवाद' लागू केला. अमुक शिपाई काळ्यांचा द्वेष करतो, एवढ्यापुरतं ते नव्हतं. रंग, संस्कृती, वंश पाहून माणसाला योग्य सेवा देण्यात सगळी संस्था कमी पडते, आणि ते तिच्या रोजच्या पद्धतीत, वागणुकीत, न कळत केलेल्या गृहीतकात दिसतं, असं त्यांनी मांडलं. तुमचा कपबशीवाला मालक यात चपखल बसतो.

त्यातली एक शिफारस तुमच्या जास्त कामाची. पीडिताला किंवा दुसऱ्या कोणालाही घटना वंशद्वेषी वाटली, तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची आणि त्या अंगाने तपासायची. त्याने कोणी दोषी ठरत नाही, ते काम कोर्टाचं. पण 'यात वंशाचा काही संबंध नाही' असं ठाण्यातल्या ठाण्यात ठरवून मोकळं व्हायचा मार्ग बंद झाला.

हे सगळं फार गोड आहे असं समजू नका. या खुनात दोघांना शिक्षा झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. त्यातला एक आधी निर्दोष सुटलेला होता. कायदा बदलला म्हणून त्याच्यावर पुन्हा खटला चालवता आला. आणि मार्च २०२३ मध्ये केसी यांच्या पाहणीने त्याच पोलीस दलाला पुन्हा संस्थात्मक वंशवादी ठरवलं. चोवीस वर्षांनी!

खाकीतला_काका

मी पोलीस खात्यातून निवृत्त. जिल्हा सांगत नाही. पाटील, खोट्या केसेसही पाहिल्या, खऱ्याही पाहिल्या. खऱ्या कशा मरतात ते सांगतो, कारण ते माझ्या डोळ्यापुढं झालेलं आहे.

ॲट्रॉसिटीचा तपास उपअधीक्षक दर्जाच्या साहेबाकडे जाते. साठ दिवसांत दोषारोपपत्र पाहिजे. पण फिर्याद लिहून घेते ठाण्यातला अंमलदार. माणूस रडत-ओरडत सांगते की अमक्याने हापशीवर सगळ्यांसमोर काय काय म्हटलं. अंमलदार लिहिते, 'जातीवाचक शिवीगाळ केली.' झालं. नेमके शब्द नाहीत, जागा नाही, तिथं उभं कोण होतं ते नाही. चार वर्षांनी कोर्टात वकील उभा राहते आणि विचारते, चार लोकांदेखत झालं याला पुरावा काय? फिर्यादी शब्द सांगायला लागला की म्हणते, हे तर फिर्यादीत नाही, आत्ता रचून सांगून राहिला. केस गेली पाण्यात. मग पाटलांसारखे लोक म्हणतात, पाहा, खोटी होती.

दुसरं, फिर्याद झाली की संध्याकाळपर्यंत समोरच्याची उलट फिर्याद तयार असते. चोरी नाहीतर विनयभंग. मग गावातले शहाणे दोघांना समोरासमोर बसवतात, 'तू तुझी काढ, तो त्याची काढन.' ॲट्रॉसिटी अशी आपसात मिटवता येत नाही, हे त्यांना सांगायला कोणी जात नाही.

सरांना दोन गोष्टी. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर ती फिर्यादीला वाचून दाखवायची आणि मगच सही घ्यायची, शिवाय प्रत लगेच द्यायची, हे कायद्याच्या कलम ४ मध्ये आहे. न करणारा सरकारी नोकर स्वतःच गुन्ह्यात सापडू शकते. तुमच्या प्रश्नावलीत टाका: फिर्याद वाचून दाखवली होती काय, आणि प्रत घरात आहे काय. असेल तर पाहायला मागा. त्या एका कागदावरून तपासाची अर्धी कुंडली कळते.

गावचा_पाटील

काका, तुम्ही खात्यातले म्हणून मान्य करतो. पण सुप्रीम कोर्टाचं काय ते बोला.

टेंभरुण

मी बोलते. भंडाऱ्याकडची आहे, वकिली करते.

मार्च २०१८ चा तो निकाल गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करा म्हणत होता. त्याच वर्षी संसदेने ॲट्रॉसिटी कायद्यात कलम १८-अ घातलं आणि ती अट काढली. ऑक्टोबर २०१९ मध्ये कोर्टाने स्वतःच ते निर्देश मागे घेतले. फेब्रुवारी २०२० मध्ये १८-अ वैध ठरवलं. पाटील दादा, तुमची बातमी शिळी झाली.

आता आमच्या जिल्ह्याचं. २९ सप्टेंबर २००६, मोहाडी तालुक्यातलं खैरलांजी. आई, मुलगी आणि दोन मुलगे, एका दलित कुटुंबातले चार जण मारले गेले. काय केलं ते पुन्हा लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या तपासात इतक्या त्रुटी निघाल्या की लोक रस्त्यावर आले आणि प्रकरण सीबीआयकडे गेलं. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने आठ जणांना दोषी धरलं, सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीच्या जागी २५ वर्षांची कैद केली. पण ॲट्रॉसिटी कायदा दोन्हीकडे लागला नाही. खुनामागे सूड होता, जातीवरून खून केला हे सिद्ध झालं नाही, असं धरलं गेलं.

गावात जमिनीचा वाद होता, साक्ष दिल्याचा राग होता, हे खरंच. पण ज्यांच्यावर राग काढला ते कोण होते म्हणून एवढं गाव गोळा झालं, हा प्रश्न 'हेतू' या खिडकीतून दिसलाच नाही. तेव्हाचं कलम ३(२)(५) म्हणत होतं, पीडित अनुसूचित जातीचा आहे 'या कारणावरून' गुन्हा केला पाहिजे. आरोपीच्या डोक्यातलं कारण सिद्ध करा म्हणजे झालं! २०१६ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने ते बदललं. आता पीडित त्या जातीचा आहे हे 'माहीत असताना' केलं, एवढं पुरतं. आणि आरोपी त्या कुटुंबाला ओळखत असेल तर त्याला जात माहीत होती असं कोर्टाने धरायचं, हे कलम ८ मध्ये आलं. खेड्यात कोणाला कोणाची जात माहीत नसते?

वावरातले सर, तुम्ही जे म्हणता ते आमच्या कायद्याला असं उशिरा आणि महागात कळलं.

डर्बनबद्दल थोडक्यात. २००१ मध्ये सरकारची भूमिका पाटील दादा सांगतात तीच होती. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर देखरेख करणाऱ्या समितीने मात्र २००२ मध्ये जातीसारखे जन्मावर उभे असलेले भेदही त्यात येतात असं स्पष्ट केलं, आणि २००७ मध्ये भारताचा अहवाल तपासताना तेच सुनावलं. बाबासाहेबांनी १९४६ मध्येच अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून निग्रो लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. दुसऱ्याची शोधायची रीत शिकायला आजार हुबेहूब एकच असावा लागत नाही.

कॉटनसिटी

धागा जबरदस्त. वाचून राहिलो, चालू द्या.

आकडेमोड

लंडन-ऑस्ट्रेलियापर्यंत गेलात, आणि आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरच्या माणसाला विसरलात. डॉ. सुखदेव थोरात. पुढं यूजीसीचे अध्यक्ष झाले ते.

त्यांनी आणि पॉल अट्टेवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास छापला. इंग्रजी पेपरातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना टपालाने अर्ज पाठवले. शिक्षण, अनुभव सारखाच, फक्त नाव वेगळं. एक वरच्या जातीचं वाटणारं, एक दलित, एक मुसलमान. मग पुढच्या फेरीला कोणाला बोलावतात ते मोजलं. दलित नावाला बोलावणं येण्याची शक्यता वरच्या जातीच्या नावाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुसलमान नावाची एक-तृतीयांश. अमेरिकेत २००४ मध्ये बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन यांनी हेच शिकागो-बोस्टनमध्ये केलं होतं. तिथं गोऱ्या वाटणाऱ्या नावांना पन्नास टक्के जास्त फोन आले.

यात कोणत्याही मॅनेजरला 'तू जात पाहतो काय' असं विचारावंच लागलं नाही.

आता खेड्यात हे कसं करायचं? नाव बदलून अर्ज टाकता येत नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात. पण तालुक्याच्या गावी भाड्याची खोली पाहायला पाठवता येते. तुमच्याच कॉलेजातली दोन पोरं, सारखे कपडे, सारखी गाडी. एक आडनाव ऐकून मालकाला एकदम आठवते की खोली भाच्यासाठी ठेवली आहे.

अजून एक. गुन्ह्यांच्या सरकारी आकड्यांवरून गावाची प्रत ठरवू नका. जिथं नोंद जास्त, तिथं अत्याचार जास्तच असतील असं नाही. कधी कधी तिथं बोलायची हिंमत जास्त असते. जिथं शून्य आहे तिथं आधी जा.

वावरातला

वा! खोलीचा प्रयोग करणारच. आमच्या पोरांना तर याचा अनुभव इतका आहे की प्रयोग म्हणायचीही गरज नाही, फक्त लिहून काढायचं बाकी आहे.

टेंभरुण ताई, दक्षता समितीबद्दल सांगाल काय? वकील मित्र म्हणून राहिले की त्यांच्या सभा कागदावरच होतात.

टेंभरुण

ॲट्रॉसिटी कायदा नीट राबते काय ते पाहायला, त्याच्या नियमांतल्या नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता व नियंत्रण समिती असते, तीन महिन्यांतून एकदा सभा झालीच पाहिजे. उपविभागातही एक असते. माहिती अधिकारात मागच्या तीन वर्षांची इतिवृत्तं मागा, सोबत हजेरीची पानंही. किती प्रकरणांत मदतीची रक्कम दिली आणि किती दिवसांनी, हेही त्यातच येईल. अर्जाचा मसुदा मी देते. भाषणं ठोकण्यापेक्षा ते पान जास्त बोलते.

मोहफूल

मी आरोग्याच्या कामानं कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, फिरते. वरचे सगळे प्रतिसाद गावातल्या लोकांसाठी आहेत, पोडावर ते चालत नाहीत. सांगते काहून ते.

तुमचा पोट्टा वही घेऊन मराठीत विचारन, कोलाम माणूस प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणन. त्रास होते काय? हो. त्रास नाही ना? हो. त्याला तुम्ही लवकर गेलेले पाहिजे असता. घरात कोलामी बोलतात, आणि वही घेऊन येणारा माणूस आजवर कायले आला हे त्यांना माहीत आहे: फॉरेस्टवाला, वसुलीवाला, नाहीतर मतवाला. पोडावरचीच शिकलेली पोरगी सोबत घ्या, आणि तिला रोज द्या. फुकट नेऊ नका.

आणि विचारण्यापेक्षा बसून पाहा. दवाखान्यात सकाळी आलेली कोलाम बाई लेकरू घेऊन भिंतीला टेकून खाली बसते. बाकावर जागा असते तरी खालीच. मागून आलेल्या बाया टेबलाजवळ उभ्या राहतात, त्यांचं होते, त्या जातात. हिला कोणी 'मागं हो' म्हटलेलं नाही. कोणी हाकललं नाही, कोणी शिवी दिली नाही. सिस्टर तर चांगली बाई आहे, नाव घेतल्यावर हिचंही पाहते. पण नाव घ्यायला बारा वाजतात. तुम्ही विचारलं, 'दवाखान्यात भेदभाव होते काय?' तर ती बाई म्हणते, 'नाही, गोळ्या देतात.' आता कोण किती वाजता आलं आणि किती वाजता आत गेलं, एवढंच एका कागदावर लिहा. नावही नको. पोड की गाव, एवढी खूण पुरे.

वावरात पण तसंच. निंदणाला पाणी कोण पाजते, ग्लास हातात देते की गुंडातून वरून ओंजळीत ओतते. मजुरी एकच असली तरी डबा खायला कोण कोणत्या झाडाखाली बसते. हे विचारलं तर बाया हसून सांगतात, कारण त्यांना ते भांडण वाटत नाही, रोजचं वाटते. भांडण वाटलं की गप.

खाकीतला_काका

मोहफूल ताई, असं पाहणारे दोन अंमलदार मला मिळाले असते तर माझी नोकरी सुधरली असती.

गावचा_पाटील

सगळं वाचलं. दवाखान्याचं पटलं. मला आमच्या महाप्रसादाची आठवण झाली. बौद्धपुऱ्यातल्या लोकांना आम्ही 'तुमचा डबा घरीच पाठवतो' म्हणतो. आजवर मला ते चांगुलपण वाटत होतं. अजूनही वाईट हेतू होता असं मी म्हणणार नाही.

पण एक प्रश्न माझाही टाका. फक्त आम्हालाच विचारू नका. बौद्ध मातंगाच्या घरी जेवते काय? मातंग मेहतराच्या घरी? पारध्याला कोण पंगतीत घेते? तिथं तुमची समिती गप बसली तर मी पहिला बोंब मारन.

आकडेमोड

पाटलांचा प्रश्न रास्त आहे. उतरंडीची प्रत्येक पायरी तपासली पाहिजे, आणि त्यात आपल्यातलेच काही लोक नाराज होतील.

पण एक घोळ आधीच सोडवा. हे सगळं मोजायचं तर प्रत्येक नोंदीपुढं जात लिहावी लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तुरुंगांवर निकाल दिला, सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये झाडलोट कोणी करायची आणि स्वयंपाक कोणी, हे जातीवर ठरवून ठेवलं होतं. विमुक्त जमातींच्या माणसाला सराईत समजा, असंही होतं. ते सगळं रद्द केलं, उत्तमच झालं. पण सोबत कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायलाही सांगितलं. उद्या ऑस्ट्रेलियासारखं 'आत कोण किती' तपासायचं तर त्या वहीतून काय मिळेल?

लंडनचा_वऱ्हाडी

इंग्लंडमध्ये रस्त्यात थांबवून झडती घेतली की पोलीस त्या माणसाचा वंश लिहितात आणि ते आकडे दरवर्षी छापले जातात. ते आकडे आहेत म्हणूनच इथं दरवर्षी भांडता येतं. रकाना काढून भेद जात नाही, फक्त भांडणाचं हत्यार जातं.

टेंभरुण

लंडनचे दादा, अर्धंच पटलं. तुमच्याकडे तो रकाना मोजायला आहे. आमच्या जेलमध्ये तो झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे ठरवायला होता. बराकीच्या दारावरच्या वहीत जात नको, ही कोर्टाची काळजी मला बरोबर वाटते. मोजणारी नोंद वेगळी ठेवा, काम वाटणाऱ्याच्या हाताला लागणार नाही अशी. सरांनीही तसंच करावं. घराचं नाव एका वहीत, उत्तरं दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही जोडणारे नंबर फक्त एका माणसाकडे. कोणी काय सांगितलं हे गावात फुटलं, तर सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी निंदणाला कोणी बोलावणार नाही.

आणि हे भय नवीन नाही. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर स्टार्ट समिती नेमली होती, बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात बहिष्काराबद्दल लिहिलेलं आहे की उघड मारहाणही त्यापुढं फिकी पडते. कारण तो कायद्यात बसणारा दिसतो. कोणाला कामावर ठेवायचं, कोणाला किराणा द्यायचा, ही ज्याची त्याची मर्जी! ते लोक हे लिहू शकले, कारण जमीन कोणाची आणि मजुरी कोण देते हे त्यांनी आधी पाहिलं. तेव्हा विदर्भ मध्यप्रांत-वऱ्हाडात होता, त्यामुळं आपली गावं त्यात नाहीत. आज बहिष्कार ॲट्रॉसिटीतही गुन्हा आहे, आणि राज्याचा वेगळा कायदाही जुलै २०१७ पासून आहे. पण 'यंदा मजूर यवतमाळहून आणले' याला बहिष्कार म्हणून सिद्ध करून दाखवा पाहू.

खाकीतला_काका

ते सिद्ध होते, ताई. मागच्या हंगामात कोणाच्या वावरात कोण होतं आणि फिर्यादीनंतर कोण नाही, एवढं बायांना तोंडपाठ असते. फक्त वेचणी सुरू व्हायच्या आत लिहून घ्या. नंतर सगळे म्हणतात, आठवत नाही.

वावरातला

मंडळी, प्रश्नावली फाडून टाकली. 'भेदभाव होतो काय' हा प्रश्न आता कुठंच नाही. मुख्याध्यापक सर थोडे रुसले आहेत, त्यांना दवाखान्यातली वेळ लिहायचं काम दिलं. त्यांचं घड्याळ बरोबर चालते.

पाटलांचा प्रश्न घेतला, सगळ्या पायऱ्यांना विचारायचा. त्यावर आमच्यातच काल खडाजंगी झाली, एक वकील मित्र म्हणे की अहवाल विरोधकांच्या हाती कोलीत देईल. मतदान घेतलं, प्रश्न राहिला. पाटील भाऊ, तुमच्या गावात पहिल्यांदा येऊ काय? पंगतीचं तुम्हीच लिहून द्या.

काका, हंगामाचं लक्षात घेतलं. दिवाळीची वाट पाहत नाही, कापूस फुटायच्या आत दोन गावं उरकतो. टेंभरुण ताई, माहिती अधिकाराचा मसुदा व्यक्तिगत निरोपात पाठवा. मोहफूल ताई, पोडावरच्या पोरीला दिवसाचे किती द्यायचे ते इथंच सांगा, म्हणजे बाकीच्या तालुक्यातले लोकही कमी देणार नाहीत.

मोहफूल

वेचणीला दिवसाचे जेवढे पडतात त्याच्यापेक्षा कमी नको. आणि जाण्यायेण्याची गाडी तुमची. दोन पोरी आहेत, एक बारावी झालेली. उद्या विचारून सांगते.

गावचा_पाटील

या. पण आधी फोन करा. आणि चहा घरी घ्यायचा, हॉटेलात नाही.